शिवडीच्या पाण्यात सूर्य मावळत नाही

चिनू, फोन जरा लांब धर, आजोबांना जवळचं दिसत नाही. हं, आता दिसलं. चिखलात उभा रोहितांचा, म्हणजे फ्लेमिंगोंचा थवा, मागे समुद्रात बुडणारा लालभडक सूर्य आणि खाली लिहिलंय, 'शिवडीची रम्य संध्याकाळ'. फोटो झकास आहे. पण मावळता सूर्य बघायला आपण कुठं जातो रे? गिरगाव चौपाटीला, नाहीतर दादरला. म्हणजे पश्चिमेला. आणि शिवडी? आपल्या लालबागहून थेट पूर्वेला. तिथल्या जेट्टीवरून खाडीकडे बघितलं की समोर पलीकडे न्हावा, आणि सूर्य तिकडून उगवतो. संध्याकाळी तो आपल्या पाठीमागे, गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरांआड जातो.

तेव्हा एकतर ही सकाळ आहे, नाहीतर ही शिवडी नाही, नाहीतर सूर्य कुणीतरी आणून चिकटवलाय. तिन्हींपैकी काय, ते उजेडाला विचारू. सूर्य पक्ष्यांच्या मागे असेल तर आपल्याकडची त्यांची बाजू काळोखी दिसायला हवी. इथं तर एकेक पीस उजळलंय. फ्लॅश मारला असेल म्हणतेस, ओवी? इतक्या लांबवर फ्लॅश पोचत नाही गं. शिवाय सूर्य पाण्यावर आला की त्याच्या खालून आपल्यापर्यंत चमचमता पट्टा येतो. तो पट्टा कुठाय? सूर्य परका आहे, बाळांनो.

आता पक्षी खरे का, ते बघू. त्यासाठी आधी रोहित ठाऊक हवा. शिवडीला त्याच्या दोन्ही जाती येतात. मोठ्या रोहिताची चोच गुलाबी आणि टोकाला काळी. लहान रोहिताची गडद, काळपट लाल. लहान रोहित डोकं उलटं करून चोचीच्या गाळणीनं पाण्यातलं नीलहरित शैवाल गाळून खातो. त्या शैवालातल्या रंगद्रव्यांनीच त्याची पिसं गुलाबी होतात. पिल्लू करडं असतं, गुलाबी व्हायला त्याला काही वर्षं लागतात. त्यामुळे थव्यात थोडे मळकट पक्षी दिसले तर बिघडलं नाही, उलट बरंच. फोटोतला रंग भडक केलाय अशी शंका आली तर पक्ष्याकडे बघूच नका, चिखलाकडे आणि मागच्या इमारतींकडे बघा. तिथंही लाली चढली असेल तर रंग वाढवणाऱ्याचा हात सैल सुटलाय.

आणखी एक गंमत सांगतो. पाण्यातलं प्रतिबिंब म्हणजे वरचंच चित्र उलटं करून ठेवलेलं नसतं. पाणी पक्ष्याला खालून बघतं, म्हणून जवळच्या पक्ष्याच्या प्रतिबिंबात त्याचं पोट जास्त दिसतं आणि पाठ कमी. वर-खाली हुबेहूब सारखं असेल तर कुणीतरी चित्र उलटं करून डकवलंय. वारा सुटला की उभे पक्षी बहुधा वाऱ्याकडे तोंड करून राहतात, म्हणजे पिसं विस्कटत नाहीत. मग शेजारच्या होडीवरचा झेंडा त्यांच्या शेपटीच्या दिशेनं फडफडायला हवा. आणि थवा दाट करायला तोच पक्षी पुन्हा पुन्हा चिकटवलाय का, तेही शोधा. तीच मान, तोच वाकडा पाय.

तारीखही लपत नाही. शिवडीहून न्हाव्याला जाणारा अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाला. 'कालच काढला' म्हणून आलेल्या फोटोत जिथं पुलाचे खांब असायला हवेत तिथं मोकळं आकाश असेल, तर फोटो जुना. रोहित चरतात ओहोटीला, चिखल उघडा पडला की. ओहोटीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. फोटोखाली तारीख-वेळ दिली असेल तर भरती-ओहोटीचं कोष्टक काढून पडताळायचं. कोळ्यांच्या पोरांना ते तोंडपाठ असतं.

कधी फोटो खरा आणि गाव खोटं. लॉकडाऊनमध्ये, २०२० च्या मार्चात, व्हेनिसच्या कालव्यात डॉल्फिन आल्याची चित्रं जगभर फिरली. डॉल्फिन खरेच होते, पण सार्डिनिया बेटावरच्या बंदरातले. त्याच उन्हाळ्यात नवी मुंबईच्या पाणथळीतले गुलाबी थवे फोनोफोन पोचले. ते मात्र आपलेच.

उलटंही होतं. गल्लीतल्या घरांमधून बिबट्या चाललाय, असा फोटो पाहून तुम्ही 'एडिट केलाय' म्हणाल. आरे कॉलनीत नयन खानोलकरांनी तो खरोखर टिपला, आणि २०१६ साली लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या स्पर्धेत शहरी विभागाचं बक्षीस मिळवलं. प्राणी समोरून गेला की आपोआप चालणारा कॅमेरा लावून, महिनोन्महिने वाट बघून. खऱ्या बिबट्याची ओळख त्याच्या ठिपक्यांत असते. प्रत्येकाची नक्षी वेगळी, आणि त्याच बिबट्याची डावी बाजू उजवीसारखी नसते.

याच स्पर्धेत २००९ चं पहिलं बक्षीस मिळालं होतं फाटकावरून झेप घेणाऱ्या स्पेनमधल्या लांडग्याला. फोटोत एक ठिपकाही बदललेला नव्हता. उजेड खरा, सावली खरी, लांडगाही खरा. पण लांडगे ओळखणाऱ्यांना ती उडी खटकली. रानातला लांडगा कशाला उडी मारेल? तो फाटकाच्या फटीतून अंग चोरून निघून जाईल. चौकशी झाली, आणि हा माद्रिदजवळच्या एका प्राणी-उद्यानातला माणसाळलेला लांडगा असावा, असं परीक्षकांचं मत पडलं. फोटोग्राफरनं ते नाकारलं, तरी जानेवारी २०१० मध्ये बक्षीस काढून घेतलं गेलं.