कपाशीचे सहा महिने आणि दुकानाचे तीन आठवडे

शहादा-नंदुरबारच्या काळ्या जमिनीत जूनमध्ये टोबलेली सरकी अंकुरून तिला पाते-फुले लागण्यात दोनेक महिने जातात. त्यानंतर प्रत्येक कोवळ्या बीजाच्या आवरणावरील कित्येक पेशी सुमारे वीस दिवस नुसत्या लांबत राहतात, पुढे आतल्या बाजूने सेल्युलोजचे थर साठवितात आणि फूल उमलल्यापासून पन्नासेक दिवसांनी बोंड फुटते, तेव्हा वेचणाऱ्या बाईच्या बोटांना लागणारा प्रत्येक तंतू म्हणजे अशी एकेक संपूर्ण पेशी असते.

याउलट स्पेनमधील आर्तेइशो येथून कारभार पाहणाऱ्या इंडिटेक्स कंपनीच्या ‘झारा’ दुकानांत, आराखडा मुक्रर झाल्यावर दोन-तीन आठवड्यांत नवे वस्त्र दाखल होऊ शकते आणि आठवड्यातून दोनदा माल रवाना होतो. हे साधते ते निर्णय लांबणीवर टाकण्याच्या तजविजीमुळे: कापड न रंगविता ‘ग्रे’ स्थितीत साठवावयाचे, पहिली खेप मुद्दाम थोडी काढावयाची आणि दुकानांतील रोजच्या विक्रीचा हिशेब हाती आल्यावरच, जवळच्या पोर्तुगाल-मोरोक्कोतील कारखान्यांत, रंग, बेत व नगसंख्या ठरवावयाची. इटलीच्या बेनेटनने तर स्वेटर आधी विणून मागाहून रंगविण्याची युक्ती त्यापूर्वीच योजिली होती.

ही बुद्धिमत्ता प्रशंसनीय खरीच. परंतु दुकानदाराने टाळलेली अनिश्चितता नाहीशी होत नाही, ती मागे सरकते. जे फॉरेस्टर यांनी १९६१ च्या ‘इंडस्ट्रियल डायनॅमिक्स’ या ग्रंथात दाखविले की, मागणीतील अल्प चढउतार पाहून प्रत्येक टप्प्यावरचा व्यापारी सावधगिरीने थोडी अधिक किंवा थोडी कमी मागणी नोंदवितो आणि बातमी पोहोचण्यास विलंब लागत गेल्याने, चाबकाच्या मुठीला दिलेला हलका हिसका शेपटाशी प्रचंड व्हावा तसा, साखळीच्या मागच्या टोकाला तो चढउतार फुगून पोहोचतो.

त्या टोकाला खानदेश पूर्वीही उभा होता. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवीत इंग्लंडमधील लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला, मुंबई इलाख्यात भाव भडकले, रयतेने पेरा वाढविला, आणि युद्ध संपताच भाव कोसळले.

आजही पाच क्विंटल कपाशीतून जेमतेम एकशे सत्तर किलोची एक गाठ निघते, आणि ती कपाशी आणणाऱ्याला आपल्या मालाची आर्द्रता आडत्याच्या यंत्रावर तत्क्षणी कळते, मागणीचा अंदाज मात्र कळत नाही. विक्रीची माहिती साखळीतील सर्वांस एकाच वेळी मिळाली तर हेलकावे पुष्कळ शमतात. म्हणूनच गिरण्यांच्या पुढील हंगामाच्या सूतमागणीचा एकत्रित अंदाज, मे महिन्यात बियाण्याची पाकिटे घेण्यापूर्वी, तालुक्याच्या बाजार समितीत जाहीर लावला जावा, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.