यंत्राची नांदी

नाटकाला नांदी लागते, कीर्तनाला नमन लागते. मग यंत्रानेच मुकाट्याने कामाला का लागावे? बऱ्हाणपूरसारख्या यंत्रमागांच्या गावात राहणाऱ्या मला यंत्राच्या खडखडाटाचे नावीन्य नाही. परंतु यंत्र चालल्याचा आवाज निराळा आणि ते सज्ज झाल्याची वर्दी देण्यासाठी मुद्दाम रचलेला स्वर निराळा.

आयबीएमचा घरगुती संगणक १९८१ साली आला. आपली अंतर्गत तपासणी आटोपली की तो एकदाच ‘टूं’ करी; म्हणजे प्रकृती ठीक! पुढे या टूंकाराची गोडी वाढली. मॅकिंटॉश संगणकाचा जुना आरंभस्वर कर्णकटू होता. यंत्र बंद पडून पुन्हा सुरू करावे लागे तेव्हा आधीच वैतागलेल्या माणसाला तोच ऐकावा लागे! म्हणून जिम रीक्स यांनी १९९१ साली तेथे एक भरदार, शांत स्वरमेळ बसविला. १९९५ च्या विंडोजसाठी ब्रायन ईनो यांनी सुमारे सहा सेकंदांची रचना केली, आणि गंमत अशी की, ती त्यांनी मॅकिंटॉशवरच रचली! अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने २०२५ साली तिला जतन करावयाच्या ध्वनिमुद्रणांच्या यादीत मानाने बसविले.

पण वाचकहो, ही कल्पना आपल्याला का नवी आहे? १९५५ साली इंदूर केंद्र सुरू झाले आणि आमच्या भागातल्या घरांतही सकाळच्या पहिल्या निवेदनाआधी तंबोऱ्याच्या साथीने व्हायोलिनची ती आर्त धून ऐकू येऊ लागली. शिवरंजनीची छाया असलेली ही धून वॉल्टर काउफमान यांची मानली जाते. हे कार्ल्सबादचे ज्यू संगीतकार. हिटलरच्या राजवटीमुळे युरोप सोडून ते १९३४ साली मुंबईस आले, पुढे तेथील आकाशवाणीत पाश्चात्य संगीताचे प्रमुख झाले आणि १९४६ साली हा देश सोडून गेले. १९६८ साली त्यांनी उत्तर हिंदुस्थानी रागांवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला.

ईनोंचे नाव सहा सेकंदांसाठी सरकारी यादीत चढले, याचा मला आनंदच आहे. मात्र ज्या निर्वासिताच्या सुरांवर आमच्या दोन पिढ्या जाग्या झाल्या, त्याचे नाव किती श्रोत्यांना ठाऊक आहे? निवेदकाने वर्षातून एकदा तरी धून संपताच ते नाव उच्चारावे. त्याला एक सेकंदही पुरेल.