उचललेल्या गाडीचे शॉकअप : गैरसमज आणि वस्तुस्थिती

गाडी उचलायची ठरली की चर्चा इंचांपासून सुरू होते. दोन इंच पुरे की तीन हवेत, टायर केवढा बसेल, मडगार्ड घासेल का, वगैरे. शॉकअपचा विषय निघतो तो सगळं ठरून गेल्यावर, आणि तोही 'कुठल्या कंपनीचे घेऊ?' एवढ्यापुरता. थार असो, जिम्नी, गुरखा किंवा जुनी जिप्सी, उचललेल्या गाडीची चाल बिघडते किंवा सुधारते ती बहुतेक वेळा इथेच. उत्तम स्प्रिंगा चुकीच्या शॉकअपमुळे वाया जातात आणि महागडे शॉकअप चुकीच्या लांबीमुळे अकाली कामातून जातात. शॉकअप निवडायचा तो टेप, वजन आणि वापर बघून. कंपनीचं नाव त्यानंतर येतं. गॅरेजमध्ये आणि सहलींच्या मुक्कामात हमखास ऐकू येणारे समज या कसोटीवर तपासून पाहू.

गैरसमज १ : लांब शॉकअप टाकले की गाडी उंच होते.

वस्तुस्थिती : गाडीचं वजन पेलते ती स्प्रिंग, मग ती गुंडाळीची असो की कमानपाट्यांची. शॉकअप वजन उचलत नाही, तो स्प्रिंगची हालचाल आवरतो. आतला पिस्टन तेलातून सरकतो, तेल बारीक भोकांतून आणि व्हॉल्व्हच्या पातळ चकत्यांमधून जबरदस्तीने ढकललं जातं आणि स्प्रिंगमध्ये साठलेल्या शक्तीची उष्णता होते. खडबडीत रस्त्यावर बराच वेळ पळालेल्या गाडीच्या शॉकअपला हात लावला तर चटका बसतो, तो यामुळेच.

गॅस भरलेल्या शॉकअपचा दांडा हाताने दाबून सोडला तर आपोआप बाहेर येतो. हा समज बहुधा तिथूनच रुजला असावा. पण हिशेब करून बघा. गॅसचा दाब २५ बार आणि दांडा १४ मिलिमीटर जाडीचा धरला, तर बाहेर ढकलणारा जोर जेमतेम ३९ किलो भरतो. एका चाकावर कित्येकशे किलोंचा भार असताना एवढ्या जोराने गाडी फार तर काही मिलिमीटर वर येईल. नव्या थारच्या पुढच्या चाकांना स्प्रिंग आणि शॉकअप एकत्रच बसवलेले असतात. तिथेही उंची वाढते ती स्प्रिंग किंवा तिची बैठक बदलल्यामुळे.

गैरसमज २ : दोन इंच लिफ्ट केली, म्हणजे दोन इंच लांब शॉकअप घ्यायचे.

वस्तुस्थिती : शॉकअपच्या लांब्या दोन असतात, पूर्ण उघडल्यावरची आणि पूर्ण मिटल्यावरची. बहुतेक जण पहिली विचारतात. नुकसान होतं ते दुसरीमुळे.

समजण्यापुरतं एक उदाहरण घेऊ. मूळ शॉकअप मिटल्यावर ३२० मिलिमीटर आणि उघडल्यावर ५०० मिलिमीटर आहे. अ‍ॅक्सल वर जाऊन बंप स्टॉपचं रबर पूर्ण दाबलं गेलं, की शॉकअपच्या वरच्या आणि खालच्या बोल्टमध्ये ३३० मिलिमीटर अंतर उरतं. म्हणजे शॉकअपला अजून १० मिलिमीटर मोकळीक आहे. आता स्प्रिंगा बदलून गाडी ५० मिलिमीटर उचलली. अ‍ॅक्सल वर जाऊन थांबण्याची जागा मात्र तीच राहिली, कारण बंप स्टॉप कोणी हलवलेला नाही. अशा गाडीला उघडल्यावर ६०० आणि मिटल्यावर ३७० मिलिमीटर भरणारा शॉकअप लावला, तर बंप स्टॉप पूर्ण दाबला जाण्याच्या ४० मिलिमीटर आधीच शॉकअप मिटून बसेल. त्यापुढचा प्रत्येक दणका पिस्टनवर, व्हॉल्व्हवर आणि चॅसीवरच्या ब्रॅकेटवर. डोळा तुटलेले, दांडा वाकलेले, ब्रॅकेट चिरलेले शॉकअप गॅरेजमध्ये येतात तेव्हा दोष मालाच्या माथी मारला जातो, पण त्यांतल्या अनेकांची चूक मोजमापातली असते.

याला उपाय दोन. मिटल्यावर ३३० मिलिमीटरपेक्षा कमी भरणारा शॉकअप शोधा, नाहीतर बंप स्टॉप ५० मिलिमीटर खाली आणा. बंप स्टॉप खाली आणला तरी वरच्या बाजूची हालचाल मूळ गाडीएवढी उरते. लिफ्टने वाढलेली तेवढीच परत जाते.

दुसऱ्या टोकाचाही विचार हवा. शॉकअप आखूड पडला तर चाक खाली लोंबताना सगळा भार त्याच्या डोळ्यावर येतो आणि प्रत्येक खड्ड्यात तो आतून आपटतो. जास्त लांब झाला तर चाक इतकं खाली जातं, की ब्रेकची रबरी नळी ताणली जाते, प्रोपेलर शाफ्टचा जॉइंट अडकतो किंवा गुंडाळीची स्प्रिंग बैठकीतून निसटते. पुढची चाकं स्वतंत्र असलेल्या गाडीत तर ड्राइव्ह शाफ्टचे जॉइंट आणि बॉल जॉइंट यांनीच ही मर्यादा ठरवून दिलेली असते.

म्हणून आधी टेप हातात घ्या. चॅसीखाली मजबूत घोडे लावून अ‍ॅक्सल मोकळा लोंबू द्या, ब्रेकची नळी आणि शाफ्ट ताणत नाहीत ना ते बघा आणि दोन बोल्टमधलं अंतर लिहून घ्या. मग स्प्रिंग काढून, अ‍ॅक्सल जॅकने बंप स्टॉप दाबेपर्यंत वर घेऊन पुन्हा मोजा. सलग अ‍ॅक्सलच्या गाडीत एक चाक पूर्ण वर आणि दुसरं पूर्ण खाली, अशा तिरक्या अवस्थेतही मोजा. दोन्ही चाकं एकदम वर गेल्यावर उरतं त्याहून कमी अंतर या अवस्थेत उरू शकतं, आणि ओढ्यातल्या दगडांवर गाडी नेमकी अशीच उभी असते.

बॉडी लिफ्टची गोष्ट वेगळी. तिथे ठोकळे बॉडी आणि चॅसीच्या मध्ये जातात. अ‍ॅक्सल आणि चॅसी यांच्यातलं अंतर बदलतच नाही, त्यामुळे निव्वळ बॉडी लिफ्टसाठी लांब शॉकअप लागत नाहीत.

गैरसमज ३ : ऑफरोडला शॉकअप जितका कडक तितका चांगला.

वस्तुस्थिती : कडक शॉकअप चाकाला जमिनीचा चढउतार पकडू देत नाही. दगडांवरून सावकाश जाताना चाक झटकन खाली यायला हवं, तरच त्यावर भार येतो आणि पकड मिळते. उघडतानाचा आवर फार घट्ट असेल तर आणखी एक दोष दिसतो. पन्हाळी पडलेल्या कच्च्या रस्त्यावर एका उंचवट्यानंतर शॉकअप पुरता उघडायच्या आतच पुढचा उंचवटा येतो. असं लागोपाठ होत गेलं की गाडी बसत बसत थेट बंप स्टॉपवर जाते. चालवणाऱ्याला वाटतं शॉकअप मऊ आहेत. तो आणखी कडक आणतो आणि त्रास वाढतो.

कडकपणा किती वाढवायचा यालाही हिशेब आहे. वजन तेच राहिलं तर लागणारा आवर स्प्रिंगच्या कडकपणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. स्प्रिंग २० टक्के कडक झाली तर शॉकअप साधारण १० टक्के वाढवला की पुरतं. आधी ठरवायचं ते वजन. लोखंडी बंपर, विंच, छतावरचा कॅरियर, पाण्या-डिझेलचे कॅन, मागे लटकवलेलं मोठं चाक हे सगळं कायम गाडीवर राहणार आहे का? असेल तर गाडी त्या साहित्यासकट काट्यावर घ्या, पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलचं वजन वेगवेगळं करा. स्प्रिंग त्या वजनाला साजेशी आणि शॉकअप त्या स्प्रिंगला साजेसा, असा क्रम ठेवा. रिकाम्या गाडीला अवजड साहित्यासाठीचे शॉकअप लावले तर पाठीला दणके बसतात आणि ओल्या वळणावर चाक उडतं.

गैरसमज ४ : गॅस शॉकअपमध्ये तेल नसतं, आणि तो नेहमीच तेलाच्या शॉकअपपेक्षा सरस असतो.

वस्तुस्थिती : आवरण्याचं काम दोन्हींमध्ये तेलच करतं. गॅस असतो तो तेलावर दाब ठेवायला. पिस्टन वेगाने मागेपुढे झाला की तेलात बुडबुडे होतात आणि फेसाळलेलं तेल व्हॉल्व्हमधून अडखळत नाही, सुटून जातं. नायट्रोजनच्या दाबामुळे हा फेस कमी होतो.

खरा फरक आहे एक नळी की दोन, हा. दुनळी शॉकअपमध्ये पिस्टनची नळी आत आणि जादा तेलाची बाहेर असते. एकनळी शॉकअपमध्ये सगळं एकाच नळीत असतं आणि तेल व गॅस यांच्यात एक तरंगता पिस्टन असतो. ही रचना फ्रेंच अभियंता द कार्बों यांची, आणि १९५७ साली बिलस्टाइनने ती मर्सिडीज-बेंझच्या गाड्यांसाठी मोठ्या प्रमाणावर बनवायला घेतली. एकनळीची उष्णता थेट हवेत जाते, म्हणून ती लांबच्या वेगवान दौडीत टिकून राहते. पण तिच्या अंगावर दगडाचा खोल पोचा पडला की पिस्टन तिथेच अडकतो. दुनळीत बाहेरची नळी चेपली तरी आतली बऱ्याचदा शाबूत राहते, आणि तेवढ्याच हालचालीसाठी तिची मिटलेली लांबी कमी ठेवता येते. दगडगोट्यांतून हळू चालणाऱ्याला चांगला दुनळी शॉकअप कमी पडत नाही. बसवताना मात्र तो उभा आणि नळी खालच्या बाजूला राहील असाच बसवावा, आणि आडवा पडून असेल तर लावण्याआधी उभा धरून चार-सहा वेळा दाबून उघडावा, म्हणजे आतली हवा तेलातून निघून जाते.

गैरसमज ५ : बाहेरची टाकी असलेला शॉकअप सगळ्यात उत्तम.

वस्तुस्थिती : वेगळ्या टाकीमुळे तेल जास्त मावतं, ते थंड राहतं आणि तरंगता पिस्टन टाकीत गेल्याने तेवढ्याच नळीत जास्त हालचाल मिळते. तासन्‌तास वेगाने वाळवंट तुडवणाऱ्या डकारसारख्या रॅलीत याला तोड नाही. गोव्यात २०१४ साली सुरू झालेल्या रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या स्पर्धेतलं आव्हान निराळं. तिथे भर पावसात चिखल, ओढे आणि विंच यांच्याशी सामना असतो, वेग बेताचा असतो आणि खरी गरज लांब हालचालीची असते. सह्याद्रीतल्या शनिवार-रविवारच्या फेरीत तर तेल तापून पातळ होण्याची वेळ क्वचितच येते. टाकी घ्यायचीच असेल तर तिची नळी टायरला, एक्झॉस्टला किंवा चॅसीच्या धारेला घासणार नाही अशी जागा आधी शोधा.

गैरसमज ६ : शॉकअप तिरके बसवले तरी काम तेच.

वस्तुस्थिती : उभ्या शॉकअपच्या तुलनेत ३० अंश कललेला शॉकअप चाकाशी सुमारे तीन चतुर्थांश आवर देतो. ४५ अंशांवर तो निम्माच उरतो. कारण शॉकअपची हालचालही कमी होते आणि त्याचा जोरही तिरका लागतो. लांब शॉकअप मावावा म्हणून ब्रॅकेट कापून आत सरकवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

गैरसमज ७ : लिफ्टनंतर स्टिअरिंग थरथरतं, म्हणजे शॉकअप बदला.

वस्तुस्थिती : जिम्नी किंवा जिप्सीसारख्या सलग अ‍ॅक्सलच्या गाडीत लिफ्टनंतर पुढच्या अ‍ॅक्सलचा कोन बदलू शकतो. जिम्नीत कॅस्टर, म्हणजे स्टिअरिंगच्या धुरीचा मागे झुकलेला कोन, कमी होतो आणि अ‍ॅक्सलला आडवा धरून ठेवणारा पॅनहार्ड रॉड त्याला एका बाजूला ओढतो. त्यात झिजलेले बुश, सैल बॉल जॉइंट किंवा बॅलन्स नसलेली चाकं यांची भर पडली, की ठरावीक वेगाला पुढची चाकं जोरात हादरायला लागतात. नवे शॉकअप किंवा स्टिअरिंग डॅम्पर लावला तर थरथर काही काळ दबते, मूळ कारण तसंच राहतं. कॅस्टर दुरुस्त करणं, बुश तपासणं आणि पॅनहार्ड रॉड योग्य लांबीचा करणं हाच इलाज.

गैरसमज ८ : बोल्टने लावलेलं साहित्य आहे, कायद्याचा काय संबंध?

वस्तुस्थिती : झिजलेला शॉकअप त्याच मापाच्या शॉकअपने बदलणं ही दुरुस्ती झाली. गाडीची ठेवण बदलणारी लिफ्ट हा बदल ठरू शकतो. मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५२ने अशा बदलांवर बंधन घातलं आहे. उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल चालणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये स्पष्ट केलं. कलम १८२-अ नुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. विमा कंपनीला न कळवलेला बदल दाव्याच्या वेळी अडचणीचा ठरतो. पैसे गुंतवण्याआधी आरटीओ आणि विमा कंपनी दोन्हीकडे विचारणा करा.

खरेदीला जाताना

कागदावर सहा गोष्टी लिहून न्या : पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलचं साहित्यासकट वजन, स्प्रिंगचा कडकपणा, पूर्ण लोंबल्यावरचं अंतर, बंप स्टॉप दाबल्यावरचं अंतर, दोन्ही टोकांच्या माउंटचा प्रकार व बुशचं माप, आणि गाडी मुख्यतः कुठे व कोणत्या वेगाने चालणार ते. विक्रेता यांतलं काहीच न विचारता 'दोन इंचाचा सेट' पुढे करत असेल, तर दुसरं दुकान गाठा.

बसवतानाही एक गोष्ट सांभाळा. रबरी बुशचे बोल्ट गाडी जॅकवर असताना शेवटपर्यंत आवळू नका. गाडी चाकांवर, स्वतःच्या वजनाने उभी करून मग आवळा. नाहीतर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि थोड्याच दिवसांत फाटतं. दांडा उघडा असेल तर त्यावर प्लास्टिकची पातळ टाय हलकेच बांधा. एक फेरी मारून आलात की ती सरकलेली दिसेल, आणि शॉकअप किती दाबला गेला ते मोजता येईल. ती थेट टोकाला भिडली असेल तर बंप स्टॉपकडे परत वळा.

हा सगळा खटाटोप पायवाटेपुरता नाही. उचललेल्या गाडीचा गुरुत्वमध्य वर गेलेला असतो आणि तिचे बहुतेक किलोमीटर डांबरी रस्त्यावरच होतात, अनेकदा घरची माणसं सोबत घेऊन. घाटाच्या उतारावर अचानक ब्रेक दाबावा लागला, की टायर जमिनीला चिकटून राहतो की उड्या मारतो, यात शॉकअपचा मोठा वाटा असतो. म्हणून या खर्चात दिखाव्याला जागा देऊ नका आणि मोजमापात कसूर करू नका.