मोठा मुतखडा : शस्त्रक्रियेची निवड

मुतखड्याची कळ थांबली म्हणजे व्याधी संपली, असा आपल्या बांधवांचा समज असतो. परंतु मूत्रपिंडातील मोठा खडा कित्येकदा न दुखताच मूत्रपिंड निकामी करतो.

खडा दोन सेंटिमीटरहून मोठा असल्यास सामान्यतः पाठीतून दुर्बिणीची शस्त्रक्रिया श्रेयस्कर मानतात. स्वीडनमध्ये १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या या पद्धतीत लहानसे छिद्र पाडून खडा फोडून काढतात. बहुधा एकाच वेळी काम होते. मात्र रक्तस्राव व जंतुसंसर्ग यांचा धोका असतो. मूत्रमार्गातून दुर्बीण नेऊन लेसरने खडा फोडल्यास छेद लागत नाही. पण मोठ्या खड्यासाठी पुनःपुन्हा भूल घ्यावी लागू शकते. बाहेरून आघातलहरी देण्याची रीत म्युनिकमध्ये १९८० साली सुरू झाली. ती लहान खड्यास योग्य, मोठ्याचे तुकडे मूत्रनलिकेत अडकतात. कूस उघडण्याची वेळ आता क्वचितच येते.

निपाणीकरांस बेळगाव व कोल्हापूर दोन्ही जवळ आहेत. तेथील तज्ज्ञांस खड्याचे माप व जागा विचारावी. आणि पहिल्याच खर्चाचा आकडा न पाहता, किती वेळा दाखल व्हावे लागेल हे जाणून एकूण हिशेब मांडावा. सूर्यास्तानंतर पाणी वर्ज्य करणाऱ्यांनी पुढे खडा होऊ नये म्हणून दिवसाच भरपूर पाणी प्यावे.