केडगावचा फाटा आणि हृदयाची धडधड

पुण्याहून येणारा हमरस्ता केडगावापाशी दुभंगतो. एक फाटा नगर शहरात शिरतो आणि दुसरा, ज्याला सारे बायपास म्हणतात, तो शहराला बाहेरून वळसा घालतो. हृदयाच्या एका विलक्षण व्याधीचा नकाशा नेमका असाच आहे.

हृदयाचा ठोका विजेच्या हुकमाने पडतो. कीथ आणि फ्लॅक यांनी १९०७ साली दाखवून दिलेल्या, उजव्या कर्णिकेच्या माथ्यावरील एका इवल्या पुंजक्यातून तो हुकूम सुटतो, आणि ज्याची रचना सुनाओ तवारा या जपानी संशोधकाने त्याच्या आदल्याच वर्षी जर्मनीत उलगडली होती त्या मधल्या नाक्यावर क्षणभर थबकून खालच्या जवनिकांकडे उतरतो. परंतु काहींच्या नाक्यावर दोन वाटा असतात, एक जलद व एक मंद. अवेळी पडलेला एखादा ठोका एकीने खाली जाऊन दुसरीने वर परततो, आणि मग बायपासवरून पुन्हा पुन्हा त्याच चौकात येणाऱ्या चुकार ट्रकासारखा हुकूम घिरट्या घालू लागतो. नाडी एकाएकी मिनिटाला दीडशे-दोनशेवर जाते आणि तितक्याच एकाएकी पूर्ववत होते.

या ‘एकाएकी’तच सारा घोटाळा आहे. रुग्ण, आणि या प्रकारात पुरुषांहून स्त्रियाच अधिक, रिक्षाने दवाखान्यात पोहोचेतो ठोके ताळ्यावर आलेले असतात, कार्डिओग्रामची पट्टी निर्दोष निघते, आणि ‘टेन्शन घेऊ नका’ एवढ्यावर तिची बोळवण होते. घरी तर ती घाबरट ठरलेलीच असते. म्हणून धडधड चालू असतानाच जवळ मिळेल तेथे पट्टी काढून घ्यावी आणि तो कागद सातबाऱ्याच्या उताऱ्याइतका जपावा. ताप, पंडुरोग, थायरॉइड यांनीही ठोके वाढतात. तो मामला निराळा.

औषधांनी झटके आवरतात, वाट मात्र उघडीच राहते. ती बंद करण्यासाठी एके काळी छाती उघडावी लागे. १९८२ साली अमेरिकेत शाइनमन प्रभृतींनी शिरेतून सरकवलेल्या कॅथेटरमधून विजेचा झटका देण्याची तजवीज केली, आणि पुढे त्या रांगड्या झटक्याची जागा रेडिओ-लहरींच्या सौम्य उष्णतेने घेतली. आता जांघेत भूल देऊन तीन-चार तारा हृदयापर्यंत नेतात, आणि डॉक्टर प्रथम विजेच्या टिचकीने मुद्दाम तीच धडधड उठवतात. टेबलावर जागी असलेली रुग्ण ‘हीच, हीच ती!’ म्हणून उद्गारते, तेव्हा वर्षानुवर्षांच्या तिच्या तक्रारीला पडद्यावर प्रथमच साक्षीदार मिळतो. मग चार मिलिमीटर लांबीचे टोक मंद वाटेवर टेकवून ते पन्नास-साठ अंशांपर्यंत तापवतात. ठिकाण बरोबर असेल तर हृदय मधूनच चार-दोन आडवेतिडवे ठोके टाकून जणू रुकार देते. खरी जोखीम शेजारच्या मुख्य नाक्याची, कारण तोही भाजला तर पेसमेकर बसवण्याची पाळी येते. अनुभवी हातांखाली हे शंभरात एखाद्याच्याच वाट्याला येते, आणि पंचाण्णवांहून अधिक जणांची व्याधी मुळातून जाते.

एवढे झाल्यावरही डॉक्टर लगेच उठत नाहीत. आधी जिने झटका उठवला तीच विजेची टिचकी ते हृदयाला काही वेळ पुन्हा पुन्हा मारून पाहतात, आणि इतके डिवचूनही धडधड उठली नाही, तरच तारा बाहेर काढतात.