थकबाकी यादीत नाव बदलले एका कर्जाचे, बदलले भलत्याच खात्याचे! ग्रिडमागे नेमके काय चालते?

मार्चअखेर जवळ आली की सीमाभागातल्या पतसंस्था, सौहार्द संस्थांच्या काउंटरवर एक स्क्रीन दिवसभर उघडी असते, थकबाकी यादीची. कर्ज क्रमांक, कर्जदार, जामीनदार, मोबाईल, भरलेली रक्कम, बाकी, सगळे एका ओळीत. दिसायला अगदी एक्सेलच्या शीटसारखे. त्यामुळे चूक दिसली की डबलक्लिक करून टाइप करायचे, एंटर मारायचा, ही सवयच लागलेली. कधी दुरुस्ती होते, कधी रकाना जागचा हलत नाही, तर कधी भलतीकडेच काहीतरी बदलते. हा तिसरा प्रकार सर्वांत महागात पडतो.

मुळात ही यादी अशी कुठे साठवलेलीच नसते. डेटाबेसमध्ये सभासदांचे टेबल वेगळे, कर्जखात्यांचे वेगळे, हप्त्यांचे वेगळे. तिन्ही जोडून हवे तेवढेच दाखवणारी जी व्याख्या करून ठेवलेली असते, तिला ‘व्ह्यू’ म्हणतात. आपण तिला टेबलासारखे बघतो, पण साधारणपणे तिच्या पोटात स्वतःचा एकही आकडा नसतो. कॉमर्सवाल्यांना हे लगेच कळेल. व्ह्यू म्हणजे तेरीज. तेरजेत फरक निघाला म्हणून कोणी तेरजेवर खाडाखोड करत नाही, किर्दीतली नोंद शोधतो. ग्रिड मात्र तेरीज दाखवते आणि वर हातात पेनही देते.

‘भरलेली रक्कम’ हा रकाना घ्या. 2,500 चे 12 हप्ते, बेरीज 30,000. कोणी तिथे 32,500 लिहिले, तर संगणकाने काय करायचे? नवा हप्ता टाकायचा, की जुन्या एखाद्यात 2,500 वाढवायचे? बेरजेवरून उलटे जाता येत नाही, म्हणून बेरजेचे, सरासरीचे, गट पाडून काढलेले रकाने डेटाबेस बदलू देत नाही. मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसमध्ये अशा वेळी खालच्या पट्टीत रेकॉर्डसेट अपडेट होणारा नाही अशा अर्थाची इंग्रजी सूचना येते. कर्मचारी म्हणतात, सॉफ्टवेअर अडकले. खरे तर ते बरोबर वागत असते.

खरा धोका जामीनदाराच्या रकान्यात आहे. कर्ज क्रमांक 101 ला सभासद 214 जामीन आहे. त्याच्या जागी 387 आला. कर्मचारी ग्रिडमध्ये 214 चे नाव पुसून 387 चे लिहितो. ओळ छान दिसते, काम झाले वाटते. पण कर्जखात्याच्या टेबलात जामीनदाराचे नाव नसते, फक्त त्याचा सभासद क्रमांक असतो. नाव राहते सभासदांच्या टेबलात. त्यामुळे जामीनदार 214 च राहिला आणि 214 चे स्वतःचे नाव बदलून गेले! आता त्याच्या ठेवीवर, शेअर खात्यावर, तो जामीन असलेल्या दुसऱ्या कर्जांवरही 387 चे नाव झळकते. वसुलीची नोटीस निघाली की गोंधळ दारात येतो.

इथे प्रत्येक डेटाबेसची रीत वेगळी. एसक्यूएल सर्व्हर जोडलेल्या व्ह्यूमधून एका वेळी एकाच मूळ टेबलात बदल करू देतो, आणि वरची दुरुस्ती या नियमात चपखल बसते, म्हणून ती बिनबोभाट होते. ओरॅकल ती सहसा नाकारतो, कारण एकच सभासद अनेक ओळींत येऊ शकतो. पोस्टग्रेस 9.3 आवृत्तीपासून (2013) एकाच टेबलावरचे साधे व्ह्यू आपोआप बदलू देतो. टेबले जोडलेली असतील, तर बदल कसा करायचा ते आधी लिहून द्यावे लागते. तात्त्विकदृष्ट्या बदलता येण्याजोगा प्रत्येक व्ह्यू यंत्रणेला बदलता आला पाहिजे, असा नियम एडगर कॉड यांनी 1985 मध्ये मांडला होता. तो आजही कोणी पुरता पाळलेला नाही.

ॲक्सेसमध्ये सर्व्हरवरचा व्ह्यू जोडताना आणखी एक गंमत होते. प्रत्येक ओळ वेगळी ओळखणारा रकाना कोणता, असे ते विचारते. काहीच निवडले नाही तर यादी फक्त बघता येते. घाईत सभासद क्रमांक निवडला आणि एकाच सभासदाची तीन कर्जे असली, तर एकच कर्ज तीनदा दिसू शकते. मूळ डेटा शाबूत असतो, पण छापील यादी चुकते. कर्ज क्रमांक निवडणे एवढाच त्यावर उपाय.

नोंद ‘गायब’ होण्याची तक्रारही अशीच. व्ह्यू फक्त निपाणी शाखेचा, आणि ओळीत शाखा बदलून चिकोडी केली, की रिफ्रेशनंतर ओळ दिसत नाही. ती चिकोडीच्या यादीत गेलेली असते. व्ह्यू करतानाच ‘विथ चेक ऑप्शन’ लावले तर असा बदल अडवला जातो.

उपाय अवघड नाहीत, सॉफ्टवेअरवाल्याकडे मागावे लागतात इतकेच. बेरजेचे आणि दुसऱ्या टेबलातून आलेले रकाने ग्रिडमध्ये राखाडी, कुलूपबंद हवेत. जामीनदार टाइप न करता यादीतून निवडावा आणि निवडीतून सभासद क्रमांक कर्जखात्यात जावा. व्ह्यूमधूनच बदल हवा असेल तर ‘इन्स्टेड ऑफ ट्रिगर’ लिहून घेता येतो. कोणता रकाना बदलला तर कोणत्या टेबलात काय लिहायचे, हे त्यात आधीच ठरलेले असते. दोन काउंटरवरून एकच ओळ उघडली जाते, म्हणून सेव्ह करताना मधल्या वेळात ती बदलली का, हेही तपासले जावे. नाहीतर नंतर सेव्ह करणारा आधीच्याची दुरुस्ती पुसून टाकतो.

आपले सॉफ्टवेअर कसे वागते हे बघायचे असेल तर डेटाची वेगळी प्रत काढून घ्यावी. त्या प्रतीत एका कर्जाच्या जामीनदाराचे नाव ग्रिडमधून बदलावे आणि लगेच त्या जुन्या जामीनदाराचे ठेव खाते उघडून वर कोणाचे नाव येते ते पाहावे.