जाणारे वाढले, येणारे अडले

सत्तरच्या दशकात परदेशी निघालेल्या भारतीयाला विमानतळावर मोजून 8 डॉलर मिळत. पासपोर्ट कुठल्या देशांसाठी चालेल त्यांची नावं त्यावर लिहिलेली असत, आणि बँकेने दिलेल्या परकीय चलनाची नोंद मागच्या पानांवर शिक्क्यानिशी व्हायची. हौसेने फिरायला जाणं मोजक्यांनाच जमे. परदेशप्रवास हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, हेसुद्धा सर्वोच्च न्यायालयाला 1967 साली सांगावं लागलं. पासपोर्टचा कायदा त्यानंतरचा.

1991मध्ये सुमारे 19 लाख भारतीय बाहेर गेले आणि जवळपास 17 लाख परदेशी पर्यटक इथे आले. फार फरक नव्हता. पुढे चलनाचे निर्बंध सैलावले, 2000पासून परकीय चलनाचा कडक ‘फेरा’ कायदा जाऊन सौम्य ‘फेमा’ आला, पगार वाढले, विमानं वाढली. मराठी मध्यमवर्गाला परदेशाची वाट दाखवली ती केसरीसारख्या सहल कंपन्यांनी. इंग्रजीची धास्ती असलेले निवृत्त शिक्षक, पोस्टातले कारकून मराठी बोलणाऱ्या टूर लीडरच्या मागून युरोप पाहून आले. याचं मला फार मोल वाटतं.

2024मध्ये बाहेर जाणाऱ्या भारतीयांचा आकडा 3 कोटींच्या वर गेला. यात आखातात कामाला जाणारे, शिकायला जाणारे, उमऱ्याला जाणारेही आले, तरी सुट्टीपुरतं जाऊन येणाऱ्यांची गर्दी उघड दिसते. 2023च्या अखेरीस थायलंड आणि मलेशियाने भारतीयांना व्हिसामाफी दिल्यावर ती आणखी वाढली.

आणि येणारे? ई-व्हिसाची सोय 2014च्या नोव्हेंबरात सुरू झाली, 2019मध्ये परदेशी पर्यटक 1 कोटी 9 लाखांवर पोचले. कोविडने 2021मध्ये हा आकडा 15 लाखांवर आणला. 2024मध्येही तो 1 कोटीला किंचित कमीच राहिला. बांगलादेशातून येणारे, त्यातले कितीतरी कोलकाता-चेन्नईच्या इस्पितळांत उपचारांसाठी येणारे, त्या वर्षी ऑगस्टनंतर व्हिसाअभावी अडकले. पण सगळा दोष त्यावर टाकता येणार नाही. त्याच वर्षी एकट्या थायलंडने साडेतीन कोटी पाहुणे घेतले.

अजिंठा-वेरूळ आपल्याकडे आहे, हंपी आहे. कमी आहे ती स्वच्छ स्वच्छतागृहांची, एकट्या बाईला निर्धास्त फिरता येईल अशा रस्त्यांची आणि ठरल्या भाड्यात नेणाऱ्या टॅक्सीची. पर्यटन खात्याने आधी ही कामं हाती घ्यावीत, जाहिराती नंतर कराव्यात.